युद्धकाळातला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा आदेश कसा तपासावा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी युद्धाचं कारण देऊन एखाद्याला विनाखटला डांबलं, वर्तमानपत्राच्या छपाईवर बंदी मागितली किंवा एखादा कारखाना ताब्यात घेतला, की लगेच दोन उत्तरं ऐकू येतात. 'युद्धात सगळं चालतं' हे एक आणि 'हे उघड घटनाबाह्य आहे' हे दुसरं. दोन्ही उत्तरांत मूळ कागद वाचायचे कष्ट टाळलेले असतात. आदेश तपासण्याची पद्धत अमेरिकी न्यायालयांनी दोनशे वर्षांत, बऱ्याचदा चुका करत करत, घडवली आहे. कायद्याचे विद्यार्थी, पत्रकार आणि स्पर्धा परीक्षेसाठी परदेशी राज्यघटना वाचणारे, सगळ्यांना ती वापरता येईल. पुढे 'काँग्रेस' हा शब्द सर्वत्र अमेरिकेच्या संसदेसाठी आहे.

आधी डोक्यातलं एक गृहीतक काढून टाका. आपल्या ३५२व्या अनुच्छेदासारखं आणीबाणीचं प्रकरण अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. मार्शल लॉ (लष्करी अंमल) हा शब्दही त्यात सापडणार नाही. नागरिकांच्या हक्कांना युद्धामुळे किंवा बंडामुळे मुरड घालणारी वाक्यं मोजकीच आहेत. बंड किंवा आक्रमण झालं आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज पडली तर हेबिअस कॉर्पसचा (कोठडीची कायदेशीरता न्यायाधीशाकडून तपासून घेण्याचा) हक्क स्थगित करता येतो, हे पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या विभागात आहे. युद्धकाळात कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने घरांमध्ये सैनिक ठेवता येतात, हे तिसऱ्या दुरुस्तीत आहे. सैन्यातल्या गुन्ह्यांना ग्रँड ज्युरीच्या (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) आरोपपत्रातून सूट आहे, हे पाचव्या दुरुस्तीत. याच्या पलीकडे जो अधिकार सांगितला जाईल तो कुठून आला, हे आदेश काढणाऱ्याने दाखवायचं असतं.

आधाराचं वाक्य शोधा

आदेशाची बातमी वाचू नका, आदेश वाचा. कार्यकारी आदेश आणि जाहीरनामे 'फेडरल रजिस्टर'मध्ये छापले जातात. सुरुवातीच्या परिच्छेदातच 'अमुक अधिकारान्वये' असं वाक्य असतं. त्यात काँग्रेसच्या कायद्याचं नेमकं कलम दिलं आहे का, ते पाहा. दिलं असेल तर ते कलम काढून शेजारी ठेवा. नुसतं 'राष्ट्राध्यक्ष व सरसेनापती या नात्याने' एवढंच असेल तर तिथे खूण करा, कारण पाया बहुधा तिथेच कच्चा असतो. ट्रुमन यांचा पोलाद कारखान्यांचा आदेश (क्रमांक १०३४०, ८ एप्रिल १९५२) असाच होता. रूझवेल्ट यांचा ९०६६ क्रमांकाचा आदेशही (१९ फेब्रुवारी १९४२) असाच होता.

९०६६ मधून आणखी एक धडा घ्यायचा आहे. त्या आदेशात 'जपानी' हा शब्द कुठेही नाही. लष्करी अधिकाऱ्यांनी क्षेत्रं ठरवावीत आणि तिथून 'कोणालाही किंवा सर्वांना' वगळावं, एवढंच त्यात म्हटलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरून कोणाला हाकलायचं हे जनरल डिविट यांनी नंतर काढलेल्या आदेशांतून ठरलं आणि जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० लोक छावण्यांत गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. म्हणून वरचा कागद निरुपद्रवी दिसला तरी थांबू नका. त्याखाली निघालेले लष्करी आणि खात्यांचे आदेश गोळा करा.

कायद्याच्या भाषेत युद्ध आहे का?

काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं अशी युद्धं पाचच आहेत: १८१२चं ब्रिटनशी, १८४६चं मेक्सिकोशी, १८९८चं स्पेनशी आणि दोन महायुद्धं. कोरिया त्यात नाही, व्हिएतनाम नाही, इराकही नाही. २००१ नंतरच्या कारवायांना १८ सप्टेंबर २००१ रोजी लागू झालेल्या बळाच्या वापराच्या ठरावाचा आधार होता. या फरकाने अधिकार बदलतात, कारण काही कायदे घोषित युद्धाने किंवा आक्रमणानेच जागे होतात.

शत्रुराष्ट्राच्या लोकांना पकडायची आणि हद्दपार करायची मुभा देणारा १७९८चा 'एलियन एनिमीज ॲक्ट' पाहा. घोषित युद्ध, किंवा परकीय राष्ट्राने वा सरकारने केलेलं आक्रमण अथवा लुटारू चढाई, एवढ्याच वेळी तो लागू होतो. त्यातही तो शत्रुराष्ट्राच्या, १४ वर्षं वा त्याहून जास्त वयाच्या आणि अमेरिकी नागरिकत्व न घेतलेल्या लोकांपुरताच आहे. १८१२चं युद्ध आणि दोन महायुद्धं सोडता तो वापरला गेला नव्हता. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो व्हेनेझुएलातल्या एका टोळीविरुद्ध लावला, तेव्हा टोळी म्हणजे 'राष्ट्र किंवा सरकार' का आणि तिच्या कारवाया म्हणजे 'आक्रमण' का, या मुद्द्यांवर वाद येऊन ठेपला. सर्वोच्च न्यायालयाने त्या एप्रिलमध्ये त्या मुद्द्यांना हात न लावता सांगितलं की हद्दपारीआधी नोटीस मिळाली पाहिजे आणि हेबिअस अर्ज करता आला पाहिजे. तो अर्जही माणूस जिथे कोठडीत आहे तिथल्याच जिल्हा न्यायालयात करायचा. मे महिन्यात न्यायालय म्हणालं की चोवीस तासांची नोटीस पुरेशी नाही. टेक्ससच्या कोठडीतल्या माणसाचा अर्ज वॉशिंग्टनमध्ये केला तर गुणवत्तेवर जाण्याआधीच तो फेटाळला जाईल, हे त्यातून लक्षात ठेवा.

घोषित युद्ध नसेल तर बहुतेक वेळा 'राष्ट्रीय आणीबाणी'चा आधार दिसतो. १९७६च्या नॅशनल इमर्जन्सीज ॲक्टप्रमाणे कोणती कलमं वापरणार ते राष्ट्राध्यक्षांना सांगावं लागतं आणि दरवर्षी नूतनीकरणाची सूचना दिली नाही तर आणीबाणी आपोआप संपते. पण हे नूतनीकरण अगदी सोपं आहे. इराणबाबत नोव्हेंबर १९७९ मध्ये जाहीर झालेली आणीबाणी अजून दरवर्षी वाढवली जाते. ती मोडायला काँग्रेसचा संयुक्त ठराव लागतो आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार चालतो. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या आणीबाणीविरुद्ध दोन्ही सभागृहांनी ठराव केला, ट्रम्प यांनी तो नाकारला आणि दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. कागदावर काँग्रेसचा अंकुश आहे. तो चालवायला प्रत्यक्षात दोन तृतीयांश मतं लागतात.

राष्ट्राध्यक्षांनी सैन्य लढाईत उतरवल्यावर लागू होणाऱ्या, १९७३च्या वॉर पॉवर्स रिझोल्यूशनमधल्या ४८ तासांत अहवाल, ६० दिवसांची मुदत आणि माघारीसाठी ३० दिवस या आकड्यांचा परीक्षेत उपयोग होतो, न्यायालयात फारसा नाही. १९९९ मध्ये कोसोवोची बाँबफेक साठ दिवसांपलीकडे गेली. खासदारांचा दावा त्यांना दावा करण्याचा अधिकार नाही म्हणून फेटाळला गेला. शिवाय हा कायदा सैन्य कुठे पाठवायचं याबद्दल आहे. देशात कोणाला पकडायचं याबद्दल तो काही बोलत नाही.

काँग्रेस काय म्हणाली होती?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कोरियन युद्धाच्या वेळी पोलाद कामगारांचा संप होणार होता. दारूगोळा थांबेल म्हणून ट्रुमन यांनी गिरण्या ताब्यात घेतल्या. ५५ दिवसांत, २ जून १९५२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो आदेश रद्द केला (यंगस्टाउन खटला). मुख्य निकालपत्र न्या. ब्लॅक यांचं, पण पुढे टिकलं ते न्या. जॅक्सन यांचं स्वतंत्र मत. त्यांनी तीन स्थिती सांगितल्या. काँग्रेसने परवानगी दिलेली असेल तर राष्ट्राध्यक्षांचा अधिकार सर्वांत मोठा. काँग्रेस गप्प असेल तर धूसर पट्टा, तिथे परिस्थितीवरून ठरतं. काँग्रेसने व्यक्त वा सूचित इच्छेने मनाई केली असेल तर अधिकार सर्वांत लहान, आणि राष्ट्राध्यक्षांकडे फक्त घटनेने त्यांना एकट्याला दिलेलं जे आहे तेवढंच उरतं.

आता आदेश कोणत्या स्थितीत बसतो ते ठरवा. नवखे इथेच चुकतात, कारण ते फक्त छापलेले कायदे पाहतात. १९४७ मध्ये टाफ्ट-हार्टली हा कामगार संघटना आणि संपांबाबतचा कायदा होत असताना कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला द्यावा, अशी सूचना आली होती आणि काँग्रेसने ती फेटाळली होती. कायद्याच्या मजकुरात ही गोष्ट दिसत नाही, सभागृहाच्या कामकाजात दिसते. ट्रुमन हरले त्यात तिचा मोठा वाटा होता. म्हणून कायदा, नाकारलेल्या दुरुस्त्या आणि त्याच प्रश्नासाठी काँग्रेसने आखून दिलेला दुसरा मार्ग, या तिन्ही गोष्टी शोधा. दुसरा मार्ग उपलब्ध असताना राष्ट्राध्यक्षांनी तो टाळला असेल तर प्रकरण बहुधा तिसऱ्या स्थितीत जातं.

हा विचार १९५२चा नाही. फ्रान्सशी अघोषित चकमकी चालू असताना काँग्रेसने १७९९ मध्ये फ्रेंच बंदरांकडे *जाणारी* अमेरिकी जहाजं पकडायला परवानगी दिली. अॅडम्स सरकारच्या हुकमात ती परवानगी बंदरांतून *येणाऱ्या* जहाजांचीही झाली. कॅप्टन लिटल यांनी हुकूम पाळून 'फ्लाइंग फिश' हे जहाज पकडलं. ते डॅनिश निघालं. १८०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई कॅप्टनच्या माथी मारली. वरून हुकूम होता हा बचाव चालला नाही. आदेश अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी अजूनही हा सगळ्यात उपयोगी निकाल आहे, आणि तो फारसा कोणी वाचत नाही.

२००६चा हमदान खटलाही याच पद्धतीने सुटला. ग्वांतानामोतले (क्युबातल्या अमेरिकी तळावरच्या कैद्यांवर खटले चालवणारे) लष्करी आयोग काँग्रेसनेच केलेल्या लष्करी न्यायसंहितेशी आणि तिच्यातून लागू होणाऱ्या जिनिव्हा कराराशी जुळत नाहीत म्हणून ५-३ने रद्द झाले. चारच महिन्यांत काँग्रेसने नवा कायदा करून आयोग परत आणले. निकाल जिंकला की प्रश्न संपला असं समजू नये.

माणूस कोठडीत असेल तर

इथे चार प्रश्न या क्रमाने विचारा: हेबिअस स्थगित झालं आहे का? कोणी केलं? कुठे आणि कोणासाठी? स्थगितीच्या कायद्याने घातलेल्या अटी पाळल्या का?

लिंकन यांनी २७ एप्रिल १८६१ रोजी फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या लष्करी मार्गालगत हेबिअस स्थगित करायची मुभा जनरल स्कॉट यांना दिली. आठवडाभर आधी बाल्टिमोरमध्ये सैन्यावर जमावाने हल्ला केला होता, पूल जाळले गेले होते आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू नव्हतं. मे महिन्यात जॉन मेरीमन यांना पकडून फोर्ट मॅकहेन्रीत ठेवलं. सरन्यायाधीश टॉनी यांनी रिट काढली, लष्कराने माणूस हजर केला नाही. स्थगितीचं वाक्य काँग्रेसच्या अधिकारांच्या अनुच्छेदात आहे, म्हणून हा अधिकार काँग्रेसचा, असं टॉनी यांनी लिहिलं. सगळे कायदे मोडले जात असताना एक वाचवण्यासाठी सरकारच बुडू द्यायचं का, असा प्रतिप्रश्न लिंकन यांनी ४ जुलैच्या संदेशात केला. टॉनी यांचं वाचन आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे आणि ते बरोबरच आहे. पण अधिवेशन नसताना राजधानीचा रस्ता तुटला तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, हेही खरं.

काँग्रेसने ३ मार्च १८६३ रोजी कायदा करून राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिला आणि सोबत अट घातली. कैद्यांच्या याद्या संघीय न्यायाधीशांकडे द्यायच्या आणि ग्रँड ज्युरीने आरोप न ठेवता बैठक संपवली तर निष्ठेची शपथ घेऊन कैद्याला सोडायचं. इंडियानातल्या लॅम्बडिन मिलिगन यांना ऑक्टोबर १८६४ मध्ये पकडून लष्करी आयोगाने फाशी सुनावली होती. त्यांच्या सुटकेत या अटीचा मोठा हात होता. स्थगिती असतानाही अर्ज का करायचा, त्याचं हे उत्तर: स्थगितीच्या कायद्यातच सुटकेची वाट दिलेली असू शकते.

स्थगिती नीट कशी करतात याचा नमुना हवा असेल तर १८७१ पाहा. कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गुप्त संघटनेविरुद्ध काँग्रेसने एप्रिलमध्ये कायदा केला. ग्रँट यांनी १२ ऑक्टोबरला पाच दिवसांत पांगण्याची ताकीद दिली आणि १७ ऑक्टोबरला फक्त साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंटींत स्थगिती लावली. कायदा, ताकीद आणि मर्यादित प्रदेश, तिन्ही गोष्टी जागेवर होत्या.

स्थगिती नसेल तर कोठडीतल्या माणसाला न्यायाधीशापुढे जाता आलंच पाहिजे. २००४च्या हमदी खटल्यात अफगाणिस्तानात पकडलेल्या अमेरिकी नागरिकाला २००१च्या ठरावाखाली ठेवता येतं, पण आरोपाचा आधार कळवून तटस्थ निर्णयकर्त्यापुढे तो खोडून काढायची संधी द्यावीच लागते, असं ठरलं. युद्ध म्हणजे राष्ट्राध्यक्षांना कोरा धनादेश नव्हे, हे न्या. ओ'कॉनर यांचं वाक्य याच निकालातलं. नागरिकांबाबत १९७१चा नॉन-डिटेन्शन ॲक्टही तपासा. काँग्रेसच्या कायद्याशिवाय कोणाही नागरिकाला डांबता येत नाही, असं तो म्हणतो. परकीयांबाबत २००८चा बुमेदीन निकाल: ग्वांतानामोतही हेबिअस पोचतं, आणि तोडीची पर्यायी सोय न करता ती वाट बंद करणारा कायदा घटनाबाह्य.

लष्करी न्यायालय

स्थगितीने न्यायालयाची एक वाट बंद होते, नागरिकावर खटला चालवायचा अधिकार लष्कराला मिळत नाही. मिलिगन निकालाचं (१८६६) सार हेच आहे. त्या भागात मुलकी न्यायालयं उघडी असतील तर नागरिकाचा खटला तिथेच. म्हणून त्या जिल्ह्यात त्या तारखेला न्यायालय भरत होतं का, याचा पुरावा गोळा करा. हवाईत ७ डिसेंबर १९४१ पासून जवळपास तीन वर्षं मार्शल लॉ होता. साध्या मारामारीचे आणि रोख्यांच्या अफरातफरीचे खटलेही लष्करी न्यायालयांनी चालवले. सर्वोच्च न्यायालयाने १९४६च्या डंकन निकालात ते बेकायदा ठरवले.

सरकारी वकील १९४२चा क्विरिन निकाल पुढे करतील. पाणबुडीतून उतरलेल्या आठ जर्मन घातपात्यांवर लष्करी आयोगापुढे खटला चालला, सहा जणांना मृत्युदंड झाला आणि न्यायालयाने आयोग मान्य केला. फरक हा की ते शत्रूच्या सैन्याचे होते. मिलिगन नव्हते. तुमचा माणूस या दोघांपैकी कोणाच्या जवळ जातो, यावर युक्तिवाद उभा राहतो.

बोलणं आणि छापणं

हा भाग आता तुलनेने सोपा आहे. १९१८च्या राजद्रोह कायद्याची कलमं १९२०मध्येच रद्द झाली. १९१७चा एस्पियोनाज ॲक्ट (हेरगिरीविरोधी कायदा) मात्र अजून आहे. शेंक निकालाची (१९१९) 'स्पष्ट आणि तात्कालिक धोका' ही कसोटी लोक अजून सांगतात, पण चिथावणीबाबत १९६९पासून ब्रँडनबर्ग निकाल लागू आहे: तात्काळ बेकायदा कृती घडवण्याचा हेतू आणि ती घडण्याची शक्यता, दोन्ही हवं. छापण्याआधीच बंदी मागितली असेल तर ३० जून १९७१चा पेंटागॉन पेपर्सचा (व्हिएतनाम युद्धावरच्या गुप्त सरकारी अहवालाच्या छपाईचा) निकाल पाहा. व्हिएतनाम युद्ध चालू असताना सरकार ६-३ने हरलं.

सगळं जुळलं तरीही

आता ९०६६ क्रमांकाचा आदेश पुन्हा घ्या आणि वरच्या चाळणीतून काढा. युद्ध घोषित होतं. २१ मार्च १९४२ रोजी काँग्रेसने हे लष्करी आदेश मोडणं गुन्हा ठरवणारा कायदा केला, म्हणजे जॅक्सन यांची पहिली स्थिती. १८ डिसेंबर १९४४ रोजी, किनारा न सोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या जपानी वंशाच्या नागरिकाच्या कोरेमात्सु खटल्यात, ६-३ने आदेश टिकला. विरोधी मत देणाऱ्यांत जॅक्सन स्वतः होते.

कारण अधिकार कोणाचा, ही कसोटी हक्काचं काय, हे सांगत नाही. काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष मिळूनही हक्क तुडवू शकतात. म्हणून शेवटची तपासणी वस्तुस्थितीची: 'लष्करी गरज' सांगणारा मूळ अहवाल मागा, त्याच्या आधीच्या आवृत्त्या मागा आणि दुसऱ्या खात्यांनी त्यावर काय लिहिलं ते मागा. डिविट यांच्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात निष्ठावंत जपानी वेगळे काढणं वेळ असला तरी अशक्य, असं होतं. सुधारित मसुद्यात 'वेळ नव्हता' असं झालं आणि जुन्या प्रती जाळण्यात आल्या. किनाऱ्यावरून शत्रूच्या जहाजांना इशारे दिले जात असल्याचा दावा एफबीआय आणि दळणवळण आयोगाने खोडला होता, पण ते न्यायालयापुढे नीट आलंच नाही. ही कागदपत्रं हाती आल्यावर १९८३ मध्ये न्या. मेरिलिन पटेल यांनी कोरेमात्सु यांची शिक्षा रद्द केली. १९८८च्या कायद्याने हयात पीडितांना प्रत्येकी २०,००० डॉलर आणि माफी मिळाली.

काही नेहमीच्या चुका

मेरीमन हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल म्हणून देऊ नका. तो टॉनी यांनी एकट्याने दिलेला आहे. १९८३च्या निकालाने कोरेमात्सुचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल पुसला गेला असंही लिहू नका. तो जिल्हा न्यायालयाचा आदेश होता. कोरेमात्सुचा निकाल दिला त्याच दिवशी चूक होता, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते २०१८ मध्ये, ट्रम्प विरुद्ध हवाई खटल्यात. कोरेमात्सुच्याच दिवशी, म्हणजे १८ डिसेंबर १९४४ रोजी, आलेला एंडो निकाल वाचायचा राहून जातो; निष्ठावंत म्हणून मान्य केलेल्या नागरिकाला छावणीत ठेवता येत नाही, असं एकमताने ठरलं, पण घटनेच्या नव्हे तर आदेशाच्या अर्थावरून.

आणि प्रत्येक निकालाशेजारी लढाई संपल्याची तारीख लिहा. मिलिगन आणि डंकन हे युद्ध संपल्यावर आले. क्विरिन, हिराबायाशी (जपानी वंशाच्या लोकांवरच्या संचारबंदीचा निकाल) आणि कोरेमात्सु युद्ध चालू असताना. युद्ध चालू असताना सरकारला रोखणारे निकालही आहेत, यंगस्टाउन, पेंटागॉन पेपर्स, हमदी, पण त्या वेळी शत्रू अमेरिकेच्या दारात उभा नव्हता. अशिलाला किती दिवस थांबावं लागेल याचा अंदाज या तारखांवरून बांधता येतो: पोलाद गिरण्यांना ५५ दिवस, मित्सुये एंडो यांना जुलै १९४२च्या अर्जापासून डिसेंबर १९४४ पर्यंत, आणि ग्वांतानामोतल्यांना पहिल्या कैद्यापासून बुमेदीनपर्यंत सहा वर्षांहून जास्त.